बाबा, वागळे इस्टेट आणि खो-खोचे दोन खांब

बाबा स्वतः कधीच खो-खो खेळले नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण मैदानावरच्या नव्या पोरांना अजून वाटतं की काका म्हणजे जुने खेळाडू, राज्य-बिज्य खेळलेले असणार. नाही हो. सातारा साइडचं गाव, आयटीआय केलं, ठाण्यात मामांकडे आले, वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत टर्नर म्हणून लागले, आणि खेळाशी संबंध म्हणाल तर गावच्या जत्रेत कुस्त्या बघायचे, तेवढाच. खो-खो आमच्या घरात आला तो माझ्यामुळे. मी पाचवीत, साल असेल 98-99, शाळेतल्या पीटीच्या सरांनी मला मधल्या सुट्टीत पकडापकडी खेळताना बघितलं आणि म्हणाले संध्याकाळी मैदानावर येत जा. घरी येऊन बाबांना विचारलं, बाबा जाऊ का? ते म्हणाले, चल, मी पण येतो बघायला. आणि जे आले ते शेवटपर्यंत येतच राहिले, आधी माझ्यासाठी, मग धाकट्या भावासाठी, आणि आम्ही दोघं खेळायचे थांबलो तरी बाकीच्यांच्या पोरांसाठी.

2024 च्या ऑक्टोबरमध्ये बाबा गेले. त्यानंतर बरेचदा लिहायला बसले पण प्रत्येक वेळी डोळ्यासमोर हॉस्पिटलच यायचं, डायलिसिस, फायली, रिपोर्ट, आणि मला ते लिहायचंच नव्हतं. बाबा म्हणजे ते नव्हेत. बाबा म्हणजे संध्याकाळी साडेपाचला मैदानाच्या गेटपाशी सायकल लावून, पँट दोन घड्या वर दुमडून, फक्कीचं घमेलं घेऊन पाट्या आखणारा माणूस.

ज्यांनी खो-खो शाळेनंतर बघितलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मधल्या पाटीवर आठ जण उकिडवे बसतात, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे, नववा पाठलाग करतो. समोरचे धावक तीन-तीनच्या तुकडीने आत येतात. धावक मधल्या पाटीतून कुठूनही आरपार जाऊ शकतो, पण पाठलाग करणाऱ्याला बसलेल्यांच्या मधून जाता येत नाही आणि एकदा दिशा घेतली की मागे वळता येत नाही, खांबाला वळसा घालून मगच, नाहीतर बसलेल्याला पाठीमागून खो द्यायचा. मोठ्यांचा डाव नऊ मिनिटांचा. ऐकायला सोपं आहे. पण कोणता धावक कधी कुणीकडे शिरणार हे बाहेर उभं राहून कळायला सुद्धा महिने जातात, आणि बाबांना ते कळून घ्यायचंच होतं.

त्यांनी सरांकडून नियमांचं छोटं पुस्तक आणलं, त्याला ब्राऊन पेपरचं कव्हर घातलं, आणि रात्री जेवण झालं की स्वयंपाकघराच्या फरशीवर काड्यापेटी रिकामी करायचे. आठ काड्या ओळीने. एका काडीचं गुल इकडे, पुढच्या काडीचं तिकडे, म्हणजे ज्या बाजूला गुल त्या बाजूला खेळाडूचं तोंड. नववी काडी बोटाने सरकवत न्यायची. धावक म्हणजे तीन शेंगदाणे. मी शेंगदाणा पळवायचे, ते काडी पळवायचे, आणि खो दिला की सरकवलेली काडी तिथे बसवून तिथली उचलायची. सिंगल चेन म्हणजे काय, रिंग कशी धरायची, या धावकाच्या पळण्याच्या पद्धती, हे सगळं मी मैदानावर पळून शिकायच्या आधी बाबांबरोबर फरशीवर शिकले. आई ओट्यापाशी उभी राहून म्हणायची, अहो तिला झोपू द्या आता, आणि बाबा म्हणायचे, एक मिनिट, ही तुकडी बाद होऊ दे.

आता शिफ्टचं सांगते, कारण मला वाटतं त्यांचं सगळं प्रेम त्यात होतं आणि ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. कंपनीत तीन पाळ्या. पहिली सात ते तीन, दुसरी तीन ते अकरा आणि मग नाइट. आमची प्रॅक्टिस संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, म्हणजे दुसरी पाळी लागली की बाबा येऊच शकत नव्हते. तर ते काय करायचे, दुसऱ्या पाळीच्या बदल्यात कुणाची तरी नाइट घ्यायचे. नाइट कुणालाच नको असते, त्यामुळे बदली करणारा लगेच मिळायचा. सकाळी साडेसातला घरी, आंघोळ, चहा, पडदा ओढून झोप, ती पण चाळीतली झोप, नळाला पाणी आलं की बादल्यांचा आवाज, बाहेर पोरांचा क्रिकेट, मग चार वाजता उठून मैदानावर, तिथून घरी, जेवण, आणि दहा-सव्वादहाला डबा घेऊन सायकलवर परत वागळेला. लोकमान्य नगरहून रोड नंबर 22 ला सायकलने फार लांब नाही, पण पावसाळ्यात रात्री रेनकोट घालून निघालेला माणूस बघितला की आई दारात उभीच राहायची, कोपऱ्यावर वळेपर्यंत. कितीतरी वर्षं हे असं चाललं. मी एकदा विचारलं, बाबा तुम्हाला झोप येत नाही का मैदानावर? म्हणाले, अगं मैदानावर झोप जाते माझी.

आणि खांब. हे मला नीट लिहायचंय.

आमच्या मैदानावरचे खांब म्हणजे कुठून तरी आणलेले वासे होते, रंधा मारलेले पण ओबडधोबड, एक जरा जाड एक जरा बारीक. खांबाला वळताना तुम्ही पूर्ण वेगात येता, एका हाताने खांब धरता आणि अख्खं अंग त्याच्याभोवती फिरवता, सगळा भार तळहातावर. आमच्यातल्या एकीच्या हातात लाकडाचं कुसळ घुसलं ते इतकं आत गेलं की डॉक्टरकडे जाऊन काढावं लागलं. ती रडत होती आणि बाबा तिचा हात बघत होते, मग ते उठले आणि खांबावरून स्वतःचा हात फिरवत बसले, वरपासून खालपर्यंत, दोन्ही खांबांवर. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नियमांच्या पुस्तकातून मापं कागदावर लिहून घेतली. जमिनीच्या वर 120 सेंटीमीटरच्या थोडं पुढे, जाडी नऊ ते दहा सेंटीमीटरमध्ये, आणि वरपासून खालपर्यंत एकसारखा, कुठे धार नको.

वखारीतून सागाचे दोन तुकडे आणले स्वतःच्या पैशाने. सुपरवायझरला विचारून पाळी संपल्यावर ते कंपनीतल्या मोठ्या लेथवर लावले. लोखंडाचे जॉब करणारा माणूस, लाकूड कधी केलं नव्हतं, पहिल्यांदा टूल लाकडात घुसून खोल खाच पडली, ती जाईपर्यंत परत बारीक बारीक कट घेत बसले. मग पॉलिश पेपर, आधी जाड, मग मध्यम, मग अगदी बारीक. व्हर्निअर लावून दोन्ही खांबांची जाडी तीन-तीन ठिकाणी तपासली. घरी आणले तेव्हा आमच्या गॅलरीत उभे केले होते, अळशीचं तेल लावून, दोन-तीन दिवस अख्ख्या चाळीला तेलाचा वास. बाबा माझा हात धरून खांबावर फिरवायचे, डोळे मिट म्हणायचे, कुठे लागतंय का सांग. कुठेच लागत नव्हतं. खाली पुरायच्या भागाला डांबर लावलं वाळवी लागू नये म्हणून, आणि रविवारी सरांनी, बाबांनी आणि मोठ्या मुलांनी खड्डे घेऊन खांब रोवले. पाणपातळी लावून सरळ बघितले. सर म्हणाले, भाऊ, जिल्ह्यात असे खांब नाहीत कुणाकडे. बाबांना किती आनंद झाला होता ते सांगता येत नाही मला, घरी येईपर्यंत त्यांनी ते वाक्य आईला सांगायचं म्हणून मनात धरून ठेवलं होतं बहुतेक, दारातूनच सांगितलं.

पुढे डांबर लावूनही एकाला वाळवी लागलीच. तोपर्यंत कंपनी बंद झाली होती, मग एका गाळ्यात ओळखीच्या माणसाकडे लेथ होता तिथे जाऊन नवा केला. दुसरा मात्र मूळचाच आहे.

मुलींची टीम टिकली ती पण बाबांमुळे असं मी म्हणेन आणि सर सुद्धा तेच म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत साडेसातला काळोख झालेला असतो, तेव्हा आमच्याकडच्या गल्ल्यांत दिवे असले तर असले. सातवी-आठवी झाली की घरचे म्हणायचे आता बस झालं, रात्रीची मुलगी एकटी येते. एक गळाली, दुसरी गळाली. तेव्हा बाबांनी रोजचा फेरा सुरू केला. प्रॅक्टिस संपली की सायकल हातात धरून चालायचे, आम्ही सगळ्या त्यांच्याबरोबर, आधी रामनगर, मग सावरकर नगर, मग आमची गल्ली, प्रत्येकीच्या दारापर्यंत. नुसतं कोपऱ्यावर सोडून नाही. दार वाजवायचं, आई किंवा बाबा बाहेर आले की सांगायचं, आणली हो, आज छान पळाली. तो एक निरोप रोज. हरलेल्या दिवशी पण काहीतरी शोधून सांगायचे, आज वेळेवर आली, आज खो मोठ्याने दिला. एका घरात वडील अजिबात तयार नव्हते, मुलीने चड्डी घालून मैदानात पळायचं म्हणजे काय वगैरे. बाबा त्यांच्याशी वाद घालायला गेले नाहीत, एक दिवस फक्त म्हणाले, तुम्ही पण या एकदा बघायला, माझ्या शेजारी उभे राहा. ते आले. नंतर त्यांनीच टीमला पाण्याचा मोठा जार घेऊन दिला.

मॅचला बाबा खांबाच्या मागे, तिथल्या मोकळ्या पट्ट्याच्या म्हणजे मुक्त क्षेत्राच्याही बाहेर उभे राहायचे, हाताची घडी, एका हातात स्टॉपवॉच. ओरडायचे नाहीत. आजकाल मी भाच्याला घेऊन टर्फवर जाते फुटबॉलला, तिथे आई-बाप जाळीला चिकटून कोचच्या वर आवाज चढवतात, पास दे, शूट कर, अरे झोपलास का, आणि पोरगं बिचारं बॉलकडे बघायचं सोडून बापाकडे बघतं. मला बघवत नाही. बाबांचं म्हणणं होतं की मैदानात एकच आवाज पाहिजे, सरांचा. मी पळतीला, म्हणजे धावक म्हणून, आत गेले की मला माहीत असायचं ते कुठे उभे आहेत, बस, तेवढंच. एकच शब्द कधीतरी यायचा, दम खा. ते पण तुकडी आत जायच्या आधी, हळू आवाजात.

हरलो तर घरी पोचून जेवण होईपर्यंत मॅचचा विषय काढायचा नाही हा त्यांचा नियम. दादरला किंवा परळला मॅच असली की ट्रेनने ठाण्याला उतरून स्टेशनबाहेर कुंजविहारचा वडापाव, मग टीएमटीची बस. जेवण झाल्यावर आम्हीच विचारायचो, बाबा मी किती पळाले? मग खिशातून कागद निघायचा. एक मिनिट चाळीस. दोन मिनिटं दहा. नुसता आकडा सांगायचे, चांगलं-वाईट काही नाही, आणि मागच्या मॅचचा आकडा पण सांगायचे. त्या कागदावर सगळ्या टीमच्या वेळा असायच्या, माझी एकटीची कधीच नाही.

जिल्ह्याच्या निवड चाचणीत एका वर्षी माझं नाव आलं नाही. यायला हवं होतं, असं तिथे उभे असलेले सगळेच म्हणत होते, आणि ज्यांची नावं आली त्यातल्या एक-दोघी कुणाच्या कोण आहेत हे पण सगळ्यांना माहीत होतं. बाकीचे पालक बाबांना म्हणाले, चला, भांडू आपण, लेखी तक्रार देऊ. मी रडून लाल झाले होते आणि मला खरंच वाटत होतं बाबांनी भांडावं. ते निवड करणाऱ्यांकडे गेले, नमस्कार केला आणि एवढंच विचारलं, साहेब, माझ्या मुलीचं नेमकं काय कमी पडलं ते सांगा म्हणजे आम्ही त्याच्यावर काम करू. त्या माणसाला उत्तर द्यावंच लागलं. म्हणाले, डावीकडून खांबाला येते तेव्हा वेग सोडते. घरी येताना बाबा म्हणाले, ते नाव का नाही आलं ते मला पण माहितीये आणि तुला पण, ते आपल्या हातात नाही, पण डाव्या बाजूचं तो खरं बोलला. आणि खरंच होतं ते. पूर्ण पावसाळा मी डाव्या हाताने खांब धरायची प्रॅक्टिस केली, मैदानात चिखल असला की शाळेच्या शेडमध्ये, बाबा स्वतः खांबाच्या जागी उभे राहायचे आणि मी त्यांचा दंड धरून वळायचे. पुढच्या वर्षी नाव आलं. राज्य स्पर्धा खेळले. एसटीने रात्रभराचा प्रवास, बाबा शेवटच्या सीटवर, मांडीवर पिशवी, त्यात गूळ-शेंगदाणे, लिंबं, इलेक्ट्रॉल, आयोडेक्स, क्रेप बँडेज आणि खोबरेल तेलाची बाटली, सगळ्यांच्या सोलवटलेल्या गुडघ्यांसाठी.

कंपनी गेली तेव्हा भाऊ आठवीत होता. वागळेमध्ये तेव्हा एकेक करून गेटला कुलूप लागत होतं, आता तिथे आयटी पार्क आणि काचेच्या बिल्डिंगी आहेत, नव्या लोकांना सांगितलं की इथे भोंगे वाजायचे तर पटत नाही. व्हीआरएसचे जे मिळाले ते मिळाले, मग भिवंडीला एका गोडाऊनमध्ये काही वर्षं. ते दिवस कठीण होते. पण भावाचं मैदान एक दिवस चुकलं नाही, आणि नातेवाईक म्हणायचे खो-खो खेळून काय पोट भरणार, त्यावर बाबा कधी सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणाचं सांगायचे, समोरच्याला पटावं म्हणून. आम्हाला मात्र नोकरीचं कधी बोलले नाहीत. मी बँकेत लागले ती साधी परीक्षा देऊन, भाऊ डिप्लोमा करून. आम्ही दोघांपैकी कुणीच फार मोठे खेळाडू झालो नाही. इला पुरस्कार, जानकी पुरस्कार ही खो-खोतल्या राष्ट्रीय पुरस्कारांची नावं बाबांना पाठ होती, कोणाला कधी मिळाला ते पण, आमच्याकडे त्यातलं काही आलं नाही. आणि याचं वाईट वाटल्याची एक रेष पण मला त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसली नाही, खूप जवळून बघूनही.

2022 च्या ऑगस्टमध्ये अल्टिमेट खो-खो ही लीग टीव्हीवर सुरू झाली, पुण्यात बालेवाडीला. बाबांची तब्येत तोपर्यंत बिघडायला लागली होती, बाहेर फार जात नव्हते. रंगीत मॅट, लाइट, कॉमेंट्री. पहिल्या दिवशी ते अस्वस्थच झाले. वजीर म्हणून एक खेळाडू ठेवला होता, त्याला कुठल्याही दिशेला वळायची मोकळीक. हे काय, म्हणे, मग दिशेचा नियम कशाला, धावकाने काय करायचं? सूर मारून गडी टिपला तर तीन गुण, नुसता स्पर्श केला तर दोन, याच्यावर पण त्यांचं आणि भावाचं फोनवर अर्धा तास. पण चार-पाच मॅच झाल्यावर बघते तर टीव्हीसमोर टीपॉयवर काड्या मांडलेल्या, एका काडीचं गुल मोडून ठेवलेलं. तो वजीर. आईला समजावत होते, हा बघ, हा इकडून पण येणार आणि तिकडून पण, म्हणजे धावकाने आता खांबाच्या जवळ थांबायचंच नाही. सगळं परत शिकले त्या वयात. आणि सारखं म्हणायचे, आपली पोरं टीव्हीवर दिसतायत, सांगलीची, पुण्याची, धाराशिवची, ठाण्याची, जाहिरातीत नावं येतायत त्यांची.

दहाव्याला घाटावर आमच्या नातेवाइकांपेक्षा मैदानावरचीच माणसं जास्त होती. ज्या मुलींना ते दारापर्यंत सोडायचे त्यातल्या बऱ्याच आता बदलापूर, ऐरोली, कुठे कुठे राहतात, सगळ्या आल्या. ज्यांचे वडील पहिल्यांदा नको म्हणाले होते ते काका पण काठी टेकत आले.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, जानेवारी 2025 मध्ये, दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला. 19 तारखेला फायनल. मुलींनी नेपाळला 78-40 ने हरवलं, मुलांनी पण नेपाळलाच 54-36 ने. दोन्ही कॅप्टन आपल्या महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. आम्ही सगळे घरी एकत्र बसून बघितलं, भाऊ, वहिनी, भाचा, आई. आईने आयुष्यभर हा खेळ ओट्यापाशी उभं राहून ऐकला होता, आणि त्या दिवशी तीच भावाला सांगत होती की ही मुलगी आता उजवीकडे जाणार बघ, खांब गाठायला वेळ नाही तिच्याकडे. आणि ती उजवीकडेच गेली. भाऊ उठून बाहेर गॅलरीत गेला, मी त्याच्या मागे गेले नाही, मला पण रडायचंच होतं. प्रियांका इंगळेच्या हातात कप आला तेव्हा आई मोठ्याने म्हणाली, अहो, बघा. सवयीने म्हणाली. आम्ही कुणी काही बोललो नाही, टीव्हीचा आवाज वाढवला.

मैदानाची एक बाजू आता पार्किंगमध्ये गेलीये, उरलेल्यात एक मैदान कसंबसं बसतं. मॅट आमच्याकडे नाही, मातीच आहे, आणि जिल्ह्याच्या मोठ्या मॅच मॅटवर होतात तेव्हा आमच्या पोरांना पहिली पाच मिनिटं पाय कुठे टाकायचा तेच कळत नाही. त्यासाठी पैसे जमवायचं चाललंय, वेळ लागेल. सर आता थकलेत, भाऊ संध्याकाळची प्रॅक्टिस घेतो आणि रविवारी सकाळी मी जाते, पाणी मारायला आणि फक्की टाकायला. मुली फक्त अकरा आहेत सध्या, त्यातल्या दोघींची परीक्षा, म्हणजे राखीव धरून धड एक टीम पण होत नाही. लोकमान्य नगर, सावरकर नगर, यशोधन नगर, किसन नगर, इकडे कुणाच्या घरी दहा ते चौदा वर्षांची मुलगी असेल आणि तिला पळायला आवडत असेल तर पाठवा. फी नाही. बूट नसले तरी चालेल. साडेपाचला सुरू होतं, आणि सुटल्यावर घरापर्यंत सोडायला मी नाहीतर भाऊ येतो, दारापर्यंत.